खालून परत आलेली सुई

धाकटे,

तुला माझे पोटभर आशीर्वाद. मी तुझी थोरली बहीण. एवढ्यावर ओळख पटत नसेल तर खूण सांगते. लहानपणी एकाच अंथरुणात झोपताना जिच्या अंगावरचं पांघरूण तू रोज ओढून घ्यायचीस आणि सकाळी 'मी नाही बाई, तूच दिलंस' म्हणून मोकळी व्हायचीस, ती मी. आता ओळखलंस? बरं झालं. चष्मा कपाळावर आहे, तो खाली घे आणि पुढे वाच.

प्रकृती कशी आहे? गुडघा कुरकुरतोय का? पित्त उठतंय का? आणि डोक्यातली जी जागा बाकीची माणसं आठवणींसाठी ठेवतात आणि तू भाड्याने देऊन टाकलीस, तिथे सध्या कोण राहतंय? माझं इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे काहीच ठीक नाही, पण पत्राच्या सुरुवातीला असंच लिहायचं असतं, असं मॅनेजर म्हणतो. (मॅनेजर म्हणजे ह्या लॉजचा मॅनेजर. मी बोलते, तो लिहितो. त्याला बजावून ठेवलंय की बाबा, मी बोलेन तेच आणि तसंच उतरव, मग ते तुझ्याबद्दल का असेना. तेव्हापासून तो लेखणी अशी धरतो, जशी माणसं विंचवाची नांगी धरतात.)

आधी भांडण उरकून घेऊ, म्हणजे मग मोकळेपणी बोलता येईल. ठरलं काय होतं? ह्या लॉजच्या गाद्या भरून शिवायच्या कामाला आपण दोघींनी जायचं. वरची मी, खालची तू. त्या अटीवरच तुझ्या भाच्याने मला घराबाहेर सोडलं. 'आई, तुला दम लागतो, कापूस छातीत जातो, आता पुरे' हे त्याचं पुराण तुला पाठ असायला हवं, पण तुला काय पाठ असतं म्हणा. शेवटी म्हणाला, 'मावशी बरोबर असेल तर जा. खाणीची माणसं लॉजवर राहायला यायच्या आत सगळ्या गाद्या तयार झाल्या तर पुढचं काम घे, मी आड येणार नाही. नाही झाल्या तर सुया माळ्यावर.' सुया माळ्यावर गेल्या की मी पायरीवर बसून भाजी निवडणार आणि येणाऱ्याजाणाऱ्याला 'कोण गं बाई तू?' विचारणार. त्यापेक्षा मलाच माळ्यावर ठेवा म्हणावं, सुयांना सोबत होईल.

तर अशा ह्या माझ्या जिवावरच्या कामाला निघायच्या दिवशी तू कुठे होतीस? मी दोन तिकिटं काढली, खिडकीची जागा तुझ्यासाठी धरली (खिडकी नसली की तुला मळमळतं, हे तुझ्या लक्षात नसतं, मला ठेवावं लागतं) आणि तिच्यावर पिशवी ठेवली. कंडक्टर म्हणाला, 'आजी, ह्या जागेचं माणूस कुठंय?' म्हटलं, 'येईल, चष्मा शोधत असेल.' बस सुटली तरी तू नाहीस. मला वाटलं, विसरली. वाटायला काय, आजवर तू स्वतःच्या साखरपुड्यालासुद्धा उशिरा पोचली आहेस.

पण एक गोष्ट तेव्हापासून मनात आहे. पुढे गाडी खच्चून भरली. माणसं एकमेकांच्या पायांवर उभी होती. मी पिशवी उचलून मांडीवर घेतली, म्हटलं बसू दे कुणाला तरी, पुण्य लागेल. पण त्या जागेवर कोणी बसेना. येणारा माणूस जागेकडे बघायचा, जरासा हसायचा आणि पुढे सरकायचा. शेवटी एका पोटुशा बाईचा हात धरून मी म्हटलं, 'अगं, बस ना, रिकामीच आहे.' ती खिडकीकडे बघून म्हणाली, 'नको आजी, त्यांना अडचण होईल.' कधी नव्हे ते माझ्या तोंडाला कुलूप लागलं, यावरून काय ते समज.

गाव कसं आहे म्हणशील तर पांढरं. पांढऱ्या दगडाची खाण आहे, कित्येक वर्षं बंद पडलेली, पण तिची भुकटी अजून उडते आहे. छपरं पांढरी, झाडं पांढरी, कावळेसुद्धा पिठात लोळल्यासारखे. माणसं कमी, आणि जी आहेत ती हळू बोलतात. वाण्याकडे गेले तर वाणी माझ्या कानाशी वाकून म्हणाला, 'काय देऊ?' जसं काही मी चोरीचा माल घ्यायला आले होते. पुढे कारण कळलं. खाणीचा खड्डा एवढा मोठा आहे की गावात कोणी मोठ्याने बोललं की तो आवाज तिथे जातो आणि बऱ्याच वेळाने परत येतो. नवराबायकोचं भांडण मिटून दोघं जेवायला बसलेली असतात, आणि तेवढ्यात ते भांडण खाणीतून परत येतं. म्हणून इथे कोणी भांडत नाही. (तुझ्या भाच्याला आणि माझ्या सुनेला इथे थोडे दिवस आणून ठेवायला हवं.)

आता लॉज. लॉज म्हणजे एक लांबलचक बोळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या. खाण पुन्हा सुरू होणार, कामगार राहायला येणार, म्हणून ह्याचं कुलूप काढलं. खोलीत लोखंडी खाट, भिंतीला खिळा आणि आरसा. आरसा लावणारा माणूस ताडाएवढा असणार, कारण मला त्यात फक्त माझा भांग दिसतो. इथे आल्यापासून मी माझं तोंड पाहिलेलं नाही. मॅनेजरला विचारते, 'अरे, मी आहे ना तशीच?' तो म्हणतो, 'आहात आजी.' त्याच्यावर विश्वास ठेवून चाललंय. नळ सोडला की आधी बराच वेळ श्वास टाकतो, दमेकऱ्यासारखा, मग खाकरतो, आणि मग पाणी येतं. न्हाणीघराच्या दाराला कडी नाही, तेव्हा आत असेपर्यंत गाणं म्हणावं लागतं. मला एकच गाणं येतं. ते आता मॅनेजरला पाठ झालंय, हिशेब करताना गुणगुणतो. (लाजू नकोस, लिही.)

खोलीत खाटा दोन. कारण नोंद दोघींची. मी सांगितलं, 'अरे, बहीण विसरली, आलीच नाही.' तर म्हणतो, 'नोंद दोघींची आहे, आजी, मला वरून विचारतील.' त्यामुळे पाण्याचे पेले दोन, पंचे दोन, आणि स्वयंपाकीणबाई ताटंही दोन आणते. ह्या बाईला बटाट्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. सकाळी उकडलेला बटाटा, संध्याकाळी तोच, पण त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायचं. मी एका ताटातला अर्धा खाते आणि तोंड फिरवते. ताटं न्यायला आली की बाई दोन्ही ताटं बघते आणि म्हणते, 'तुमच्या बहिणीला बटाटा आवडतो वाटतं.' मांजर असेल. मांजर मात्र इथे मी पाहिलेलं नाही.

असो. कामाचं सांगते, कारण घोडं तिथेच अडलंय. खोळी उसवून जुना कापूस काढला. दगडासारखा झाला होता, आणि त्यातही पांढरी भुकटी. अंगणात ऊन दाखवलं, पिंजला, पुन्हा भरला, काठीने बडवून सारखा केला. इथपर्यंत एकटीने जमतं. पण टाके? दोन बाकांवर गादी आडवी टाकायची, वरून मी सुई खुपसायची, खालून तू ओढायची, दोऱ्यात चिंधी अडकवून गाठ मारायची, सुई शेजारून वर द्यायची, आणि बाकाला बोटातल्या टोपणाने टक करायचं, की मी पुढचा टाका घालायला मोकळी. आता वरची मीच आणि खालची मीच. सुई खुपसायची, उठायचं, वाकायचं, बाकाखाली रांगत जायचं, गाठ मारायची, डोकं आपटायचं, तुला एक शिवी द्यायची, आणि पुन्हा वर यायचं. पहिली गादी झाली तेव्हा माझ्या कमरेची अशी काही गादी झाली होती की कोणीतरी मलाच उसवून पुन्हा भरावं. बसून विचार केला. कितीही ओढलं तरी खाणीची माणसं यायच्या आत हे होणं नाही. सुया माळ्यावर जाणार. मी त्या दुपारी रडले म्हटलं तरी चालेल. (कापसाची धूळ डोळ्यात गेली असं लिही.)

दुसऱ्या गादीची दुपार. इथे दुपारी सगळं गाव झोपतं, आणि इतकं शांत होतं की भुकटी खाली बसल्याचं ऐकू येईल. मी सुई खुपसली. बाकाला धरून उठायला लागले, गुडघा कडकन वाजला, आणि तेवढ्यात सुई वर आली.

धाकटे, सुई वर आली. माझ्या समोर. पहिल्या टाक्याच्या शेजारी, पाहिजे तिथे, पाहिजे तेवढ्या अंतरावर, टोक वर करून. आणि खालून आवाज झाला, टक.

मी खाली बसले. पाचावर धारण बसली होती म्हणून बसले, काम करायला नव्हे. पण बसल्यावर हाताने काय करायचं? हाताला एकच येतं. मी सुई धरली, दोरा ओढला, पुढचा टाका घातला. सुई खाली गेली, थांबली, जेवढा वेळ गाठ मारायला लागतो तेवढाच वेळ, आणि वर आली. टक.

तू म्हणशील, वाकून बघायचं नाही का? तुझ्या तोंडून हे शोभत नाही. टाके चालू असताना वरचीने खाली वाकायचं नाही, हे आपल्याला आईने हाताला चिमटा काढून शिकवलंय. सुई वर येते ती डोळा बघून येत नाही. मी नियम म्हणून वाकले नाही. भीती म्हणून नव्हे. (मॅनेजर हसतो आहे. ह्याने ती सुई पाहिली असती तर ह्याची बोबडी वळली असती.) गादी संपेपर्यंत मी मान वर ठेवली आणि न्हाणीघरातलं गाणं म्हणत राहिले. संपल्यावर दोरा तोडला. बऱ्याच वेळाने बाकाखाली बघितलं. कोणी नाही. फरशीवर पांढरी भुकटी, आणि तिच्यात दोन गोल, कोणी गुडघे टेकून बसलं की उमटतात तसे.

मग गादी उलटी करून गाठी बघितल्या. सगळ्या डाव्या हाताच्या.

आता हे तुला वेगळं सांगायला नको. तू डावरी. मास्तरांनी छड्या मारमारून तुला उजव्या हाताने लिहायला लावलं, पण गाठ तू डाव्यानेच मारत राहिलीस. शेपूट उलट्या बाजूला, आणि शेवटी एक वेढा जास्त, कारण पहिला वेढा घातला की नाही हे तुला कधी आठवत नाही. आयुष्यभर त्या जास्तीच्या वेढ्यावरून मी तुझ्या डोक्यावर मिरी वाटली, दोरा फुकट जातो म्हणून. प्रत्येक गाठीला तो वेढा होता.

तेव्हापासून रोज दुपारी असंच चाललंय. मी वर, कोणीतरी खाली. गादीवर गादी होते आहे, आणि सांगायला लाज वाटते, पण इतकं छान काम मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. काल एका टाक्याला मी सवयीने म्हटलं, 'हळू ओढ गं, खोळ फाटेल.' दोरा लगेच सैल झाला. आता खरं सांगते, मला भीती वाटली ती तिथे. माझं म्हणणं तू इतक्या मुकाट्याने कधी ऐकलं होतंस?

मॅनेजरलाही एका दुपारी दाराशी उभा केला. म्हटलं, मला वाकायची बंदी, तुला नाही. बघ खाली. तो वाकला, बघितलं, सरळ झाला, घाम पुसला. म्हणाला, 'कोणी नाही, आजी.' मग म्हणाला, 'मला जरा काम आहे', आणि गेला. ह्याला काम! बोळातल्या पाली मोजत असेल.

एकदा स्वयंपाकीणबाईबरोबर खाणीपर्यंत गेले. म्हटलं, गाव एवढं घाबरतं, बघू तरी. काठावर उभी राहून बाईने स्वतःचं नाव घेतलं. आम्ही परत फिरून बरंच चाललो आणि मागून तिचं नाव आलं, अगदी ठणठणीत, सर्दीसकट. मग मी पुन्हा काठाशी गेले आणि तुला हाक मारली. 'ए धाकटे, विसरभोळे!' अशी पोटातून. आणि वाट बघितली. बाई म्हणाली, येईल. आम्ही उन्हात उभ्या राहिलो. सावल्या लांबल्या. आवाज परत आला नाही. बाई माझ्याकडे न बघता म्हणाली, 'कोणीतरी ठेवून घेतला, आजी. ज्याची हाक, त्याने घेतली.' त्यानंतर तिने रस्ताभर माझा हात सोडला नाही, आणि रात्री ताटात बटाट्याबरोबर एक कांदाही आला.

तर असं सगळं मजेत चाललं आहे. हवा चांगली आहे. गर्दी नाही. कामाची काळजी करू नकोस. भाच्याला ह्यातलं काही कळू देऊ नकोस, त्याला वाटतंय आपण दोघी इथे आहोत, आणि खरं सांगायचं तर त्याचं अगदीच चूक आहे असंही मला म्हणवत नाही. सुनेला, नातवंडांना आशीर्वाद. मी आल्या आल्या तुला पत्र पाठवलं होतं, त्याचं उत्तर अजून नाही. तिकीट चिकटवायला विसरली असशील.

तुझी,
थोरली

ता. क. मावशी, मी लॉजचा मॅनेजर. हे आजींना न सांगता लिहितो आहे, क्षमा असावी. त्या दुपारी मी वाकलो तेव्हा बाकाखाली आजीच होत्या. त्या स्वतःच खाली उतरतात, गाठ मारतात, टोपणाने टक करतात, वर चढतात आणि मग मला विचारतात, 'बघितलंस?' मी काय सांगू? दोन्ही ताटं त्याच संपवतात. काम उत्तम झालं आहे, पण तुम्ही जमेल तितक्या लवकर या. त्यांना एकटं ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

ता. क. (हे माझं.) मी गप्प बसल्यावरही ह्याची लेखणी चालत होती. मला अक्षरं येत नाहीत, डोळे आहेत. दरडावलं तेव्हा वाचून दाखवलं. पोरगा मनाने चांगला आहे, राग धरू नकोस. आणि तो म्हणतो ते असेलही. म्हातारं माणूस, दुपारचं ऊन, असेल. माझे गुडघे मला न विचारता वरखाली करत असतील. बटाटाही मीच खात असेन, जरी हे मानायला जास्त जड जातं. पण त्याला एक विचार. आजीला डावी गाठ कधीपासून यायला लागली? लहानपणी तू मला शिकवून शिकवून थकलीस, शेवटी रडलीस, मला काही जमली नाही. आत्ता ह्याच्यासमोर मारून बघितली. दोऱ्याचा गुंता झाला, तो हा सोडवत बसलाय, म्हणून हे वाक्य जरा वाकडं लिहिलं जाईल.

ता. क. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. एकच गादी उरली आहे. भरून, बडवून बाकांवर ठेवली आहे. एका दुपारचं काम. ती झाली की मी जिंकले, सुया खाली राहिल्या, भाच्याचं तोंड बंद. पण मी सुई ओवत नाही. खालून टक होतं. मी म्हणते, थांब गं जरा. पुन्हा टक होतं. तुला माहीत आहे, काम संपलं की खालची आधी हात धुऊन निघून जाते, वरची दोरे गोळा करत मागे राहते. खाणीची माणसं आता येतीलच. मॅनेजर रोज रस्त्याकडे बघतो आणि मग माझ्याकडे. मी म्हणते, पोस्टमन येऊ दे.

तेव्हा पत्र पाठवू नकोस. पत्र कोणीही लिहील, तुझी सून लिहील, भाचा लिहील, आणि हा वाचताना गोड करून वाचेल. अक्षर मला कळत नाही, गाठ कळते. मला भाजलेले दाणे पाठव. मूठभर पुरेत. डबा नको, फडक्यात बांध, आणि पुरचुंडीची गाठ दुसऱ्या कुणाला मारू देऊ नकोस, तूच मार. गाठ तुझी निघाली तर खाली जी कोणी आहे तिला मी आभार मानून सांगेन की बाई, आमची आहे जागेवर, तू जा आता, आणि एकटीने वरखाली करत ती शेवटची गादी संपवीन, कंबर मोडली तरी. गाठ तुझी नसली तर घाई करणार नाही, खालचीला इतक्यात हात धुऊ देणार नाही. सावकाश शिवीन. सुया माळ्यावर जाऊ देत.

दाणे जळले तरी चालतील. आणि मीठ, नेहमीसारखं, विसर.